चौथ्या ग्रहावरचं आकाश : एका फलकाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

काम ठरलं. फिरत्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक फलक, आठ फूट बाय चार फूट, प्लायवूडवर ॲक्रिलिक. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात ग्रह फिरतात, त्यातल्या चौथ्यावर, म्हणजे 'ई'वर उभं राहिलं तर काय दिसेल ते रंगवायचं. शेजारी आवाजाचा एक छोटा कोपरा. शास्त्राची बाजू ताई बघणार आहेत. ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे त्यांच्या उजेडाचे सुटे केलेले रंग, वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलंय.

पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "अरे, चित्र तू छान काढशीलच. त्यातलं किती खरं असेल?"

"ताई, तुम्ही सांगाल तेवढं."

त्या नुसत्या हसल्या.

५ फेब्रुवारी

ताईंकडून माहिती आली. एक पान. मला वाटलं बाकीची पानं मागून येतील. बाकीची नाहीतच.

तारा आपल्यापासून सुमारे ४० प्रकाशवर्षं दूर. व्यास सूर्याच्या जेमतेम १२ टक्के, पृष्ठभागाचं तापमान साधारण २,५६० केल्विन. ई ग्रहाचा व्यास पृथ्वीच्या ०.९२ पट, वर्ष ६.१ दिवसांचं, ताऱ्यापासूनचं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३ टक्क्यांहून थोडं कमी. आणि खाली एक आलेख: सरळ चाललेली रेघ, मध्येच एक उथळ खड्डा, पुन्हा सरळ रेघ. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तासभर ताऱ्याचा उजेड अर्ध्या टक्क्याने उतरतो, तो हा खड्डा. ग्रहाचा आकार, त्याचं वर्ष, शेजाऱ्यांच्या ओढीमुळे खड्डा थोडा आधी किंवा उशिरा पडतो त्यावरून वस्तुमान, सगळं यातूनच काढलेलं. ग्रहाचा फोटो नाही. कोणाकडेच नाही.

२०१७ साली या सात ग्रहांची घोषणा झाली तेव्हा जगभर जी देखणी चित्रं छापून आली ती रॉबर्ट हर्ट आणि टिम पाइल या दोघांनी केलेली होती. मी तेव्हा ती फोटो समजून एका मित्राला पाठवली होती. चित्रकार असून.

९ फेब्रुवारी

पहिलं रंगीत कच्चं चित्र झालं. रक्तासारखा लाल तारा, लालभडक आकाश, ताऱ्याशेजारी तीन प्रचंड पूर्ण गोल ग्रह, खाली सुळक्यांसारखे काळे डोंगर. मला आवडलं होतं. ताईंचं उत्तर दोन शब्दांत: "सिनेमाचं पोस्टर."

मग फोन. लाल रंग चुकला, ग्रह चुकले, डोंगरांबद्दल नंतर बोलू. रंगाबद्दल काहीही समजावून न सांगता त्यांनी कामाला लावलं. "घरात जुना तारेचा बल्ब आहे? रात्री बाकी सगळे दिवे मालव, त्याच्या उजेडात पांढरा कागद घेऊन पंधरा मिनिटं बस. मग मला सांग, लाल दिसतो का."

१० फेब्रुवारी

बसलो. पहिली दोन-तीन मिनिटं कागद पिवळट-नारिंगी. मग हळूहळू तो नुसता कागद झाला, पांढरा. डोळ्यांनी तडजोड करून टाकली. बल्बची तार साधारण २,७०० केल्विनला तापते, म्हणजे आमच्या ताऱ्याच्या पृष्ठभागाच्या आसपासच. अशा लहान, थंड ताऱ्याला 'लाल बटू' हे नाव दुर्बिणीतून बघणाऱ्यांनी दिलेलं. त्याच्या अंगणात उभा राहणारा त्याला लाल म्हणेलच असं नाही.

मजा पुढेच होती. त्याच उजेडात रंगांच्या नळ्या उघडल्या. अल्ट्रामरीन हा निळा जवळजवळ काळा. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मात्र आतून पेटल्यासारखा. निळा उजेडच नसेल तर निळा रंग परत काय पाठवणार! तेव्हा आकाश लाल करायचं नाही, चित्रातला निळा काढून घ्यायचा. हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं नीट सांगितलं नसतं.

ताईंनी पुस्ती जोडली: तारा नेमका बल्बसारखा नाही, कारण त्याच्या वातावरणातलं टायटॅनियम ऑक्साइड वर्णपटाचे मोठे लचके तोडतं. माझ्या पांढऱ्याच्या नळीवर लिहिलंय टिटॅनियम व्हाइट. त्यातही टायटॅनियमचंच ऑक्साइड, एक ऑक्सिजन जास्त. इथे ते उजेड परतवतं, तिथे गिळतं. याचा फलकाला काही उपयोग नाही, पण लिहून ठेवतो.

१४ फेब्रुवारी

ग्रहांची चूक जास्त लाजिरवाणी, कारण ती रोजच्या आकाशात बघूनही कळायला हवी होती. शुक्र आपल्याला सर्वांत जवळ येतो तेव्हा कोर होतो, आणि पूर्ण गोल असतो तेव्हा तो सूर्यापलीकडे लांब असतो. तेच इथे. ताऱ्याच्या शेजारी दिसणारा ग्रह एक तर मोठा आणि कोरीसारखा, नाही तर पूर्ण आणि लहान. मोठा आणि पूर्ण एकदम? नाही. आतला शेजारी डी सर्वांत जवळ येतो तेव्हा त्याची रात्रीची बाजू आपल्याकडे असते. बाहेरचा एफ जवळ येतो तेव्हा पूर्ण असतो, पण आकाशाच्या बरोबर उलट्या टोकाला, ताऱ्याकडे पाठ करून बघावं लागेल.

मग आकार. ई आणि एफ यांच्यातलं कमीत कमी अंतर सुमारे १४ लाख किलोमीटर. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजारांवर. म्हणजे एफ साडेतीनपटीहून थोडा अधिक लांब आणि व्यासाने चंद्राच्या पावणेचारपटीहून थोडा मोठा. गोळाबेरीज: आपल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढाच! तारा मात्र खरोखर मोठा, सूर्याच्या चौपट रुंद, सव्वादोन अंश.

फलकात ६० अंशांचं आकाश बसवायचं ठरलंय, म्हणजे एका अंशाला चार सेंटिमीटर. तारा नऊ सेंटिमीटरचा. ग्रह दोन सेंटिमीटरचे, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडे मोठे. आठ फुटांच्या फलकावर. मी पट्टी तीनदा लावून बघितली.

१८ फेब्रुवारी

फलकाला अस्तराचे दोन हात दिले. घासून घेतला.

२१ फेब्रुवारी

आकाशाचा रंग. ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या वातावरण आहे की नाही तेच अजून ठरलेलं नाही, रंग कुठून सांगू? मी म्हटलं, काहीतरी अंदाज. त्यावर त्यांनी व्हायकिंगची गोष्ट सांगितली.

व्हायकिंग-१ मंगळावर उतरलं २० जुलै १९७६ ला. दुसऱ्या दिवशी पहिलं रंगीत चित्र आलं आणि पडद्यावर आकाश निळसर दिसलं. लोकांना ते लगेच पटलं, कारण आकाश निळंच असतं. रंगांचा तोल बसवणाऱ्यांच्या मनातही तेच असणार. यानाच्या अंगावर रंगांच्या छोट्या चौकोनांची एक पट्टी बसवलेली होती, पृथ्वीवरून मोजून पाठवलेली. चित्रातली पट्टी आणि खरी पट्टी जुळवल्यावर आकाश निघालं गुलाबीसर, हवेतल्या धुळीमुळे. दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा जमलेल्या वार्ताहरांपैकी काहींनी नाराजीचा गलका केला म्हणतात.

मी माझ्या फलकाच्या खालच्या कोपऱ्यातही तशी रंगपट्टी काढायची ठरवली. ताई म्हणाल्या की बीगल-२ या यानावर अशी पट्टी म्हणून डेमियन हर्स्ट या चित्रकाराचं ठिपक्यांचं चित्र लावलं होतं. ते यान २००३ च्या नाताळात मंगळावर उतरलं आणि एक शब्द न बोलता गप्प झालं. २०१५ मध्ये वरून घेतलेल्या फोटोंत सापडलं: धड उतरलेलं, पण पाकळ्यांसारखी सौरपट्टं पूर्ण न उघडलेली. ते चित्र अजून तिथेच आहे, न वापरलेलं. मला हे ऐकून का कोण जाणे फार वाईट वाटलं.

२ मार्च

आता डोंगर. माझे सुळके मी कुठून उचलले ते शोधत गेलो आणि चेस्ली बोनस्टेलपाशी पोचलो. हा मूळचा वास्तुरचनाकारांकडे काम केलेला माणूस; दृष्टिकोन, सावल्यांची भूमिती, सगळं मोजूनमापून. १९४४ साली त्याची शनीची चित्रं 'लाइफ' मासिकात आली. टायटन या उपग्रहावरून दिसणारा शनी त्यात आहे: बर्फाळ कडे, निळसर स्वच्छ आकाश, त्यात कलती कोर. अनेक शास्त्रज्ञांनी सांगून ठेवलंय की आपण या वाटेला त्या चित्रामुळे लागलो. आणि ते चित्र चुकलेलं आहे. त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ कायपर यांनी टायटनच्या वर्णपटात मिथेन शोधला, म्हणजे तिथे वातावरण आहे हे कळलं. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान तिथे उतरलं तेव्हा दिसलं नारिंगी धुकं आणि नदीकाठच्यासारखे गुळगुळीत गोटे. त्या धुक्यातून शनी डोळ्यांना दिसणारच नाही.

चंद्राचंही तेच. जेम्स नॅस्मिथ, वाफेचा हातोडा शोधणारा इंजिनिअर, दुर्बिणीतून चंद्र बघून प्लास्टरचे डोंगर घडवायचा, त्यांवर कडक ऊन पाडून फोटो घ्यायचा. जेम्स कार्पेंटरबरोबरचं त्याचं पुस्तक १८७४ चं. चंद्राच्या सुरकुत्या समजावायला त्यात म्हाताऱ्या हाताचा आणि सुकलेल्या सफरचंदाचा फोटो शेजारी शेजारी छापलाय, मला तो सगळ्या पुस्तकापेक्षा आवडतो. पण त्याचे डोंगर टोकदार, बोनस्टेलचेही टोकदार. युक्तिवाद चोख होता: हवा नाही, पाऊस नाही, मग झीज कशाने होणार? अपोलोचे लोक गेले तर समोर गोलसर टेकड्या, उतरणीला लागलेल्या म्हशींच्या पाठींसारख्या. अब्जावधी वर्षं बारीक उल्कांचा मारा चालू होता, तो कोणाच्या हिशेबात नव्हता.

म्हणजे ई वरच्या डोंगरांबद्दल मला काय माहीत? काहीच नाही. डोंगर आहेत की नाहीत, हेही नाही.

५ मार्च

फलक भिंतीकडे तोंड करून ठेवला.

९ मार्च

ताईंना जरा चिडूनच लिहिलं. आकाशाचा रंग माहीत नाही, जमीन माहीत नाही, हवा माहीत नाही, ग्रह नखाएवढे. मग आलेखच फ्रेम करून लावा, चित्रकार कशाला हवा?

त्यांनी उत्तरादाखल दोन चित्रं शेजारी ठेवून पाठवली. दोन्ही चंद्राची, दोन्ही १६०९ सालची. डावीकडचं इंग्रज गणिती टॉमस हॅरियटचं, जुलैमधलं: उजेड-अंधाराच्या सीमेची एक वेडीवाकडी रेघ आणि थोड्या गिचमिड छायारेषा. उजवीकडचं गॅलिलिओचं, त्यानंतर चार महिन्यांनी: पातळ तपकिरी रंगाचे हात, अंधाऱ्या भागात सुटे पांढरे ठिपके, खड्ड्यांच्या एका कडेला उजेड आणि समोरच्या कडेला सावली. हॅरियट गणितात कमी नव्हता. पण गॅलिलिओने रेखाटन शिकलेलं होतं. पुढे १६१३ मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकारांच्या अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं. वाकड्या पृष्ठभागावर तिरका उजेड कसा पडतो हे त्याच्या हाताला माहीत होतं. अंधारातले ते ठिपके म्हणजे ऊन लागलेली शिखरं, हे त्याला दिसलं. ते ठिपके उजेडाच्या सीमेपासून किती लांब आहेत त्यावरून उंची काढली ती नंतर.

हॅरियटची दुर्बीण सहापटीची होती आणि गॅलिलिओची वीसपटीची, एवढं हॅरियटच्या बाजूने सांगायलाच हवं. पण गॅलिलिओचं पुस्तक हाती आल्यावर हॅरियटने पुन्हा चंद्र काढला, आणि आता त्यालाही खड्डे दिसायला लागले!

ताईंनी खाली एवढंच लिहिलं होतं: "चित्रकार यासाठी हवा. फलक सरळ कर."

११ मार्च

फलक सरळ केला. पण दुसरी बाजूही तपासली, कारण शिकलेला हात फसवतोही. खगोलशास्त्रज्ञ शियापारेल्लीने १८७७ मध्ये मंगळावर 'कनाली', म्हणजे इटालियनमध्ये चर, काढले, लोवेलने त्यांचे सरळसोट कालवे केले आणि मरणाऱ्या संस्कृतीची अख्खी पाणीपुरवठा योजना उभी केली. १९०३ मध्ये ग्रिनिच वेधशाळेच्या माँडरने शाळकरी मुलांना वर्गात बसवून समोर एक गोल ठेवला. त्यावर नुसते ठिपके आणि डाग होते, रेघा नव्हत्या. फार पुढेही नाही, फार मागेही नाही, अशा मधल्या अंतरावर बसलेल्या मुलांनी रेघा काढल्या. १९०९ मध्ये आंतोनियादीने पॅरिसजवळच्या म्यूदाँ वेधशाळेच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला तेव्हा कालव्यांच्या जागी सुटे सुटे डाग निघाले.

मी कोळशाने कागदावर तीसेक डाग केले, मुद्दाम बेशिस्त, आणि भाचीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवून बघून काढायला सांगितलं. तिने आठ-दहा डाग नीट काढले, मग पेन्सिल थांबवून डोळे बारीक केले आणि एक लांब तिरपी रेघ ओढली.

"मामा, हा रस्ता आहे ना?"

जवळ नेऊन दाखवलं. ती कागदाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "तिथून होता."

१५ मार्च

ठरलं. माहीत आहे ते रंगात, पक्कं. माहीत नाही ते पेन्सिलीत. मधलं काही नाही. आकाश, जमीन, डोंगर, सगळं अस्तराच्या पांढऱ्यावर फक्त २बी पेन्सिल. रंगात येईल तो तारा, त्याच्या मापात आणि त्याच्या रंगात. शेजारचे ग्रह त्यांच्या मापात, त्यांच्या कलांसह. आणि चित्राच्या तळाशी या कडेपासून त्या कडेपर्यंत तो आलेख, अर्ध्या टक्क्याच्या खड्ड्यासकट.

ग्रहांच्या कला रंगात, पण त्यांचा पृष्ठभाग? ताई म्हणाल्या, "उजेडाची बाजू सपाट रंगव. डाग काढलास तर मी येऊन पुसेन."

तारा आकाशात कुठे ठेवायचा यावर अर्धा तास गेला. इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे वळलेली असण्याचा संभव फार मोठा, मग तारा उगवणार नाही, मावळणार नाही, एका जागी खिळलेला. मी दिवस-रात्रीच्या सीमेवर उभा राहायचं ठरवलं; तिथे तो क्षितिजाला टेकलेला असेल. सावल्या लांब आणि कायमच्या. पण 'संभव मोठा' म्हणजे मोजलेलं नव्हे. म्हणून क्षितिजाची रेघ पेन्सिलीत, तिच्यावर तारा रंगात.

२० मार्च

पेन्सिल म्हणजे अंदाज, हे बघणाऱ्याला कोण सांगणार? पायोनियर-१० या यानावर १९७२ मध्ये पाठवलेल्या पाटीवर सौरमालेतून यान निघालंय हे दाखवायला बाण काढला होता. कलेचा इतिहासकार गोम्ब्रिखने तेव्हाच बोट ठेवलं: ज्यांच्या पूर्वजांनी धनुष्यबाण वापरलेच नाहीत त्यांना ती खूण काय कळणार? बाण कोणीतरी शिकवावा लागतो.

याला उत्तर व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या तबकडीत सापडलं. १९७७ च्या त्या तबकडीत शंभराहून अधिक चित्रं आहेत, त्यांची जुळणी जॉन लोम्बर्ग या चित्रकाराने सांभाळली. पहिलं चित्र नुसतं वर्तुळ आहे. तबकडीच्या झाकणावरही तेच वर्तुळ कोरलंय. उलगडताना वर्तुळ लंबगोल आलं तर समजायचं की आपली रीत चुकते आहे. आधी ताळा, मग बाकीचं.

तेव्हा माझ्याही फलकात वर डावीकडे, त्याच चार सेंटिमीटरला एक अंश या मापात, आपला पौर्णिमेचा चंद्र. पूर्ण रंगात, सगळ्या डागांसकट. आणि त्याच्या शेजारी तोच चंद्र पेन्सिलीत, कोरा. बघणारा पहिल्यापासून सुरुवात करेल. फलकावर शब्द एकही नाही.

२८ मार्च

आवाजाचा कोपरा. या सात ग्रहांच्या फेऱ्यांचं गणित असं की सर्वांत बाहेरचा एच दोन फेऱ्या घालतो तेवढ्यात जी तीन, एफ चार, ई सहा, डी नऊ, सी पंधरा आणि बी चोवीस घालतो. फेऱ्यांचा वेग हाच सुराचा वेग धरला आणि एचला षड्ज मानलं, तर जीचा पंचम, एफचा तार षड्ज, ईचा तार पंचम, डीचा शुद्ध ऋषभ, सीचा शुद्ध निषाद, बीचा पुन्हा पंचम. सा, प, सा, प, रे, नी, प! गंधार नाही, मध्यम नाही, धैवत नाही. कागदावर हे उतरल्यावर मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.

हे सूर संगणकावर लावून गाणाऱ्या मित्राला ऐकवले. त्याने डोळे मिटले, खूश. मग ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन-तीन-चार हे पूर्णांक सोडून मोजलेले दिवस घातले: एच १८.७७, जी १२.३५, एफ ९.२१, ई ६.१०, डी ४.०५, सी २.४२, बी १.५१. मित्राने डोळे उघडले.

"चढलंय रे सगळं."

बरोबर होतं त्याचं. जीचा पंचम २० सेंटांहून जास्त चढा, ईचा ४० हून जास्त, बीचा ६० च्या घरात. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंट असतात, म्हणजे बीचा पंचम आता कोमल धैवताच्या निम्म्या वाटेला लागलाय. ती सुबक प्रमाणं जवळजवळचीच होती. ताई म्हणाल्या की लगतच्या तीन-तीन ग्रहांची मिळून जी सांगड आहे ती फार घट्ट आहे, पण एकेका जोडीचं प्रमाण थोडं सरकलेलंच राहतं.

आता कुठलं लावायचं? मित्र सुरेलच्या बाजूने, हिरीरीने. व्हॉयेजरवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, २,४०० कोटी किलोमीटरच्या पलीकडे गेलीय, तिथे कोणी असं बेसूर पाठवलं असतं का, असं म्हणाला. मी म्हटलं, केसरबाई त्या गायल्या तशाच गेल्या, कोणी त्यांचा सूर सरळ केला नाही. चहा गार झाला. मोजलेले सूरच लावायचे.

६ एप्रिल

जीवसृष्टी. प्रदर्शनवाल्यांना ती हवीच आहे, फलकाचं निमंत्रण तेवढ्यासाठीच आहे. ताई अनपेक्षितपणे उत्साहात. नासामधल्या नॅन्सी किआंग यांनी २००७-०८ च्या सुमारास मांडलंय की झाडांचा रंग ताऱ्याच्या उजेडावर आणि मधल्या हवेवर ठरतो. लाल बटूभोवती उजेड इतका कमी पडेल की तिथल्या वनस्पती मिळेल तो सगळा गिळून काळ्या दिसू शकतील. आपली झाडं लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड बराचसा परत फेकतात, वर्णपटात तिथे एकदम चढण दिसते. गॅलिलिओ यान १९९० मध्ये पृथ्वीजवळून गेलं तेव्हा त्याच्या उपकरणांना ऑक्सिजन, मिथेन आणि ही चढण, तिन्ही सापडली. 'पृथ्वीवर जीवसृष्टी आहे का' याची ती परीक्षाच होती.

ती चढण ट्रॅपिस्ट-१ई वर असेल का, असली तर कुठल्या रंगाला? माहीत नाही. म्हणजे पेन्सिल. पण इथे हात सैल सोडला. तीन दिवस मी फक्त पानं काढतोय: न हलणाऱ्या ताऱ्याकडे कायमची वळलेली, एकमेकांच्या सावलीत येणार नाहीत अशी पायऱ्यापायऱ्यांनी लागलेली. सावली कायम एकाच जागी पडत असेल तर तिथे उगवण्यात अर्थ नाही, म्हणून प्रत्येकामागे लांब मोकळी पट्टी. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं, काढताना आलं. ताई म्हणाल्या, "हे मी विद्यार्थ्यांना विचारणार आहे."

१२ एप्रिल

पेन्सिलीच्या डोंगरांपैकी दोन पुसले. कारण काही नाही, बोनस्टेलसारखे झाले होते.

१७ एप्रिल

ताईंशी जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीबद्दल लांबलचक बोलणं. आतल्या बी ग्रहाची दिवसाची बाजू सुमारे २३० सेल्सिअस निघाली आणि जाड हवा काही सापडली नाही. सी जवळपास १०७, तिथेही कार्बन डायऑक्साइडचं जाड पांघरूण नाही. ही दोन्ही मोजमापं २०२३ ची. ई चं काम अवघड झालंय ते ताऱ्यामुळे. त्याच्या अंगावर डाग असतात, आणि त्यांच्या खुणा ग्रहाच्या हवेच्या खुणांत मिसळतात. "तारा आधी नीट वाचायला हवा," ताई म्हणाल्या, "आणि तो रोज वेगळं बोलतो."

मी ताऱ्यावर दोन डाग रंगात दिले. हे चालतं.

२ मे

चाचणी. फलक उभा करून तीसेक लोकांना बोलावलं. पहिल्याच गृहस्थांनी विचारलं, "अपुरं राहिलंय का?" मी काही बोललो नाही. ते दोन चंद्रांपाशी गेले, परत आले, तळाच्या आलेखाकडे वाकून बघितलं, मग लांब जाऊन उभे राहिले. जाताना म्हणाले, "एवढंच कळलंय होय आपल्याला?" रागावून नव्हे.

एकीने नखाएवढ्या डीची तक्रार केली, इतका लहान कसा. चंद्राला बोट लावून दाखवलं. तिने दोन्हींवर आळीपाळीने बोट ठेवून पाहिलं.

मुलांना पानं आवडली. एकाने त्यांवरून अंगठा फिरवला आणि अख्खी एक रांग धुरकट झाली. दुसरा सूर ऐकण्याच्या कोपऱ्यात बसून होता, त्याला ईचा सूर वेगळा ऐकायचा होता. तशी सोय नव्हती, करायला हवी.

४ मे

सुरांसाठी सात बटणं बसवली, एकेका ग्रहाला एक.

धुरकट रांगेबद्दल ताईंना विचारलं: फिक्सेटिव्ह, म्हणजे पेन्सिल पक्की करणारा फवारा, मारू का, नाही तर पेन्सिल महिनाभर टिकणार नाही. त्या म्हणाल्या, "वेबची पुढची निरीक्षणं आली की तू पुसणारच आहेस. लोकांनी थोडं आधी पुसलं."

७ मे

वॉर्निश. ताऱ्यावर दोन हात, ग्रहांवर दोन, आलेखावर दोन, रंगातल्या चंद्रावर आणि रंगपट्टीवर एकेक. बारीक ब्रशने, कडा सांभाळून; ग्रहांना सगळ्यात जास्त वेळ लागला. बाकी फलक तसाच कोरडा ठेवलाय. खोक्यात २बीच्या चार पेन्सिली आणि मऊ खोडरबर टाकला.